वंशावळीत नाव सापडलं नाही: बाबेलहून परतलेल्या तीन याजक घराण्यांचं प्रकरण

बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय म्हणजे एक लांबलचक यादी आहे. बाबेलच्या बंदिवासातून यहूदात कोण परतलं, घराणं कोणतं आणि माणसं किती, एवढंच त्यात आहे. बरेच वाचक ही पानं उलटून पुढे जातात. पण याच यादीतल्या ६१ ते ६३ या तीन वचनांत एक अख्खा वाद आणि त्यावरचा निवाडा आहे. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय ही तीन घराणी आपण याजक असल्याचं सांगत होती. त्यांनी वंशावळीच्या नोंदीत स्वतःचं नाव शोधलं आणि ते सापडलं नाही. नहेम्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, ६३ ते ६५ या वचनांत, हाच मजकूर पुन्हा येतो. प्राचीन इस्राएलात याजकपण कशाने टिकायचं, कशाने जायचं आणि त्यात नेमके कोणते हक्क होते, हे या प्रकरणात जितकं उघड होतं तितकं मोठमोठ्या विधिनियमांतही होत नाही.

पार्श्वभूमी

इ.स.पू. ५८६ मध्ये (काही अभ्यासक ५८७ धरतात) बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यरुशलेम घेतलं. मंदिर, राजवाडा आणि मोठी घरं जाळली. मुख्य याजक सराया, त्याच्या खालचा याजक सफन्या आणि तीन द्वारपाल यांना रिब्लाला नेऊन ठार मारलं. म्हणजे इमारत तर गेलीच, शिवाय कोण कोणाचा हे तोंडपाठ असणारी वरची फळीही गेली. सरायाचा मुलगा यहोसादाक बंदिवासात गेला. त्याचा मुलगा येशूवा पुढे परतणाऱ्यांचा पुढारी जरुब्बाबेल याच्याबरोबर परत आला, त्यामुळे मुख्य याजकाच्या घराण्याचा धागा तुटला नाही. बाकीच्या घराण्यांचं नशीब असं नव्हतं.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा राजा कोरेश याने बाबेल जिंकलं आणि पुढच्या वर्षी यहूद्यांना परत जाऊन मंदिर बांधायची मोकळीक दिली. परतणाऱ्यांचा एकूण आकडा ४२,३६० दिला आहे, दासदासी वेगळे. (घराण्यांचे सुटे आकडे मिळवले तर एज्रात सुमारे २९,८०० होतात. बेरीज जुळत नाही ही जुनी अडचण आहे.) त्यात याजकांची चार घराणी नोंदवली आहेत: यदया ९७३, इम्मेर १,०५२, पशहूर १,२४७ आणि हारीम १,०१७. एकूण ४,२८९. लेवी मात्र अवघे ७४, म्हणजे एका लेव्यामागे जवळजवळ ५८ याजक. मंदिर उभं राहिलं की प्रत्यक्ष वेदीवर जाण्याचा मान याजकाला आणि बाकी कष्टाची कामं लेव्याला. मग इतक्या लांबून परतायला लेवी नाखूश असतील तर नवल नाही. पुढे एज्रा स्वतः एक जथा घेऊन निघाला तेव्हा अहवा नदीकाठी त्याला एकही लेवी दिसला नाही. मुद्दाम माणसं पाठवून ३८ जण जमवावे लागले.

याजकपण हे जन्माने मिळणारं वतन होतं. लेवीच्या वंशातला, मोशेचा भाऊ अहरोन याच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे ते जायचं. विद्येने, नवसाने किंवा राजाच्या मर्जीने कुणाला याजक होता येत नसे. उज्जीया राजाने स्वतः धूप जाळायचा प्रयत्न केला तेव्हा याजकांनी त्याला अडवलं आणि तो कोडाने भरला, असं बायबलातल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलं आहे. पण या वतनाबरोबर जमीन मिळत नव्हती. गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अहरोनाला स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या देशात तुला वतन मिळणार नाही. राहायला गावं होती, पण पोटासाठी मंदिरात येणाऱ्या अर्पणांवर आणि लोकांनी काढून ठेवलेल्या वाट्यांवर अवलंबून राहायचं. घराण्याचं नाव नोंदीतून गेलं की मान आणि जेवण दोन्ही एकदम जात होतं.

पेच

तिन्ही घराण्यांची अडचण वरवर एकच दिसते, पण ती तशी नव्हती. हबया आणि हक्कोस यांच्याबद्दल एवढंच कळतं की नोंद मिळाली नाही. बर्जिल्लय घराण्याबद्दल कारणही दिलं आहे. त्यांच्या मूळ पुरुषाने गिलादच्या बर्जिल्लयाच्या मुलींपैकी एकीशी लग्न केलं आणि सासरचं नाव घेतलं.

हा बर्जिल्लय साधासुधा नव्हता. यार्देनेपलीकडच्या रोगलीम गावचा हा मोठा श्रीमंत माणूस. अबशालोमाच्या बंडात दावीद महनाईमला पळाला तेव्हा त्याने बिछाने, भांडी, गहू, जव, पीठ, हुरडा, डाळी, मध, लोणी आणि मेंढरं पोचवून त्याच्या माणसांना जगवलं. बंड मोडल्यावर दावीद त्याला यरुशलेमला येण्याचा आग्रह करत होता, पण वय ८० झालं म्हणून तो गेला नाही. मरताना दाविदाने शलमोनाला बजावलं की त्याच्या मुलांना तुझ्या पंक्तीला बसव. असल्या घराचं नाव लावावंसं वाटणं साहजिक आहे.

त्यात मालमत्तेचाही प्रश्न असावा. मुलगा नसेल तर मुलींना बापाची जमीन मिळू शकते, पण ती बापाच्याच वंशात राहिली पाहिजे, असा नियम सलाफहादाच्या मुलींच्या वेळी ठरला होता. सासऱ्याची जमीन सांभाळायची तर सासऱ्याचं नाव लावणं सोयीचं. पण याजकाला जमिनीत वाटा नाही आणि तो तर दुसऱ्या वंशाच्या नावाने जमीनदार होऊन बसला. अशा माणसाने याजकपण जणू सोडून दिलं, असं म्हणायला विरोधकांना जागा मिळते. शिवाय नोंदवहीत त्याचं मूळ नाव असेल आणि वंशज बर्जिल्लय या नावाने शोधत असतील, तर नोंद शिल्लक असूनही हाती लागणार नाही. पहिला एस्द्रास या ग्रीक ग्रंथात त्या मूळ पुरुषाचं नाव यद्दूस आणि बायकोचं औगिया असं दिलं आहे. म्हणजे मूळ नाव कुठल्या तरी परंपरेत टिकून होतं. तपासणीत ते वापरलं गेलं का, याचा उल्लेख नाही.

काय पणाला लागलं होतं

संशयाचा फायदा देऊन त्यांना आत का घेतलं नाही, हे समजायचं तर एक अर्पण जवळून पाहावं लागतं. अन्नार्पण घेऊ. गरीब माणूस सपीठ, तेल आणि धूप घेऊन येतो. याजक त्यातून मूठभर पीठ-तेल आणि सगळा धूप उचलून वेदीवर जाळतो. उरलेलं पीठ याजकांचं, पण ते परमपवित्र. खमीर न घालता भाजायचं, मंदिराच्या अंगणातच खायचं आणि तेही अहरोनाच्या वंशातल्या पुरुषांनीच. घरी न्यायचं नाही, बायकामुलींना द्यायचं नाही. पापार्पण आणि दोषार्पण यांच्या मांसाला हाच नियम. दर शब्बाथाला बदलल्या जाणाऱ्या समर्पित भाकरींनाही हाच. त्या बारा भाकरी असत, एकेक दोन दशमांश एफा (धान्याचं एक माप) सपिठाची, सहा-सहांच्या दोन रांगांत मांडलेली.

आता ती मूठ याजक नसलेल्याने उचलली तर? मिश्ना या यहूदी नियमसंग्रहातल्या मनाहोत भागाच्या सुरुवातीलाच उत्तर आहे: अर्पण बाद. रक्त परक्याने झेललं तर बळीही बाद. नुकसान त्या तोतया याजकाचं कमी आणि अर्पण आणणाऱ्याचं जास्त, कारण त्याला वाटतं आपलं पाप फिटलं आणि प्रत्यक्षात फिटलेलं नसतं. पापार्पणाचं मांस खाणं ही याजकाची बिदागी नव्हती. लेवीय या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात मोशे अहरोनाच्या मुलांवर रागावतो, तो त्यांनी ते मांस न खाता जाळून टाकलं म्हणून. मंडळीचा दोष वाहून नेण्यासाठीच ते तुम्हाला दिलं होतं, असं तो सांगतो. खाणं हा विधीचा भाग होता.

दुसऱ्या प्रकारचे वाटे वेगळे. धान्य, द्राक्षारस आणि तेल यांतून काढलेला उचललेला वाटा, शांत्यर्पणाचं ऊर आणि उजवी मांडी, पहिलं पीक. हे पवित्र, पण परमपवित्र नव्हे. याजकाच्या घरातली बायको, मुलं, विकत घेतलेला दाससुद्धा ते खाऊ शकत. परक्याने चुकून खाल्लं तर शिक्षा ठरलेली: तेवढं भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे इथली चूक दुरुस्त होऊ शकत होती. पुढचा सगळा निर्णय या फरकावर उभा आहे असं माझं मत आहे.

पैशाची बाजूही होती. वेदी एक आणि नोंद झालेले याजक ४,२८९. रोज सकाळ-संध्याकाळ होणारं कोकराचं होमार्पण पूर्ण जाळलं जायचं. त्यातून याजकाला फार तर कातडं मिळे. बाकी सगळं लोक काय आणतात त्यावर, आणि लोक स्वतःच उजाड गावांत नव्याने घर मांडत होते. एज्राच्या यादीत मंदिरासाठी आलेल्या देणग्यांत याजकांची वस्त्रं १०० नोंदली आहेत. अंगरखा, चोळणा, कमरपट्टा आणि फेटा या चार वस्त्रांशिवाय वेदीजवळ जाता येत नव्हतं, नियमाप्रमाणे ती मरणाची गोष्ट होती. शंभरच जोड असतील तर एका वेळी शंभरच माणसं सेवेला उभी राहू शकतात. अशा वेळी आणखी तीन घराण्यांना पंगतीत घ्यायला आधीच्या चार घराण्यांची किती तयारी असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

समोर असलेले पर्याय

वादविवादाची नोंद नाही. पण त्या काळचे नियम आणि आधीचे दाखले पाहिले की अधिकाऱ्यांसमोर कोणते मार्ग होते ते कळतं.

पहिला मार्ग त्यांच्या शब्दावर किंवा शपथेवर विश्वास ठेवण्याचा. बंदिवासात शेजारीपाजारी त्यांना याजकच म्हणत असतील तर तेवढं पुरे मानायचं. धोका वर सांगितला तोच. एक जरी दावा खोटा निघाला तरी कितीतरी अर्पणं बाद ठरतील आणि कोणती बाद हे शोधायला मार्ग नाही.

दुसरा, सरळ सामान्य इस्राएली ठरवून मोकळं व्हायचं. नोंद नाही तर हक्क नाही. याच यादीत दलाया, तोबीया आणि नकोदा या घराण्यांतले ६५२ लोक आहेत (नहेम्यात ६४२), ज्यांना आपण इस्राएली आहोत हेसुद्धा सिद्ध करता आलं नाही. त्यांना मंडळीतून हाकललं असं कुठे म्हटलेलं नाही, नोंद तेवढी केली. पण याजकाच्या बाबतीत उलट धोका होता. दावा खरा असेल तर अहरोनाच्या वंशाला कायमचं तोडलं असं होईल, आणि तो अधिकार माणसाला नव्हता.

तिसरा दाखला योशीया राजाच्या काळचा होता. त्याने गावोगावच्या उच्च स्थानांवरच्या वेद्या मोडल्या तेव्हा तिथल्या याजकांना यरुशलेमच्या वेदीवर चढू दिलं नाही, पण भाऊबंदांबरोबर बेखमीर भाकरी खायची परवानगी ठेवली. शरीरात व्यंग असलेल्या याजकालाही नियम असाच होता: वेदीजवळ जायचं नाही, पण पवित्र आणि परमपवित्र दोन्ही अन्न खायचं. सेवा काढून घ्यायची, पोट ठेवायचं. फक्त तिथे वंशाबद्दल शंका नव्हती. यांच्याबाबत शंका नेमकी वंशाचीच होती, म्हणून हा दाखला जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. याजकपण ही एकसंध वस्तू नव्हती. वेदीची सेवा, परमपवित्र अन्न आणि घरी खायचे पवित्र वाटे हे तीन हक्क एकमेकांपासून सोडवता येत होते. निवाडा करणाऱ्याने याचाच उपयोग केला.

निर्णय

मजकूर नीट वाचला तर दोन वेगळ्या पायऱ्या दिसतात. आधी त्यांना अशुद्ध समजून याजकपदावरून दूर केलं गेलं. हे कोणी केलं ते लिहिलेलं नाही. याजकांनीच केलं असावं, कारण सेवेची यादी त्यांच्या हाती. नंतर प्रांताधिपतीने हुकूम दिला: उरीम आणि थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र वस्तूंतलं काही खाऊ नये.

प्रांताधिपती हा इराणी राजवटीचा अधिकारी. त्याचं नाव इथे दिलेलं नाही, हुद्दाच दिला आहे. त्याने वंश खरा की खोटा यावर एक शब्दही काढला नाही. जे आपल्या अखत्यारीत नाही ते त्याने मुख्य याजकाच्या ऊरपटात ठेवलेल्या, देवाचा कौल घ्यायच्या उरीम-थुम्मीमवर सोपवलं. यहोशवाने युद्धाला कधी निघावं हे एलाजार याजकाने उरीमद्वारे विचारावं असा नियम गणनेत आहे. शौल राजाला पलिष्ट्यांच्या भीतीने कौल हवा होता तेव्हा उरीमनेही उत्तर दिलं नाही. एकच थेट उत्तर देणारं हे साधन होतं, आणि वंशाच्या प्रश्नाला तसंच उत्तर हवं होतं.

हुकुमातले शब्द मोजून वापरलेले आहेत. बंदी परमपवित्र अन्नावर आहे. घरी खायच्या वाट्यांबद्दल हुकूम गप्प आहे. शेकडो वर्षांनी तालमूदच्या, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या, केतुबोत भागात रब्बी योसे यांनी याच गप्प बसण्यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते या घराण्यांना सांगितलं गेलं की तुम्ही तुमच्या वहिवाटीवर आहात. परदेशात गावोगावचे पवित्र वाटे खात होता, इथेही ते खा. त्यावर आक्षेप निघाला: ते वाटे खाताना बघून उद्या कोणी त्यांना पक्के याजक मानलं तर? उत्तर असं की त्यांची वहिवाट सगळ्यांसमोर कमजोर झालेली आहे. बाकीचे याजक अंगणात बसून परमपवित्र खातात आणि हे खात नाहीत, हे कुणाच्याही लक्षात येईल.

यात निवाड्याचं मर्म आलं. जिथे चूक झाली तर भरून काढता येत नाही तिथे दार बंद ठेवलं, आणि जिथे भरपाईचा नियम आधीच होता तिथे ते उघडं राहिलं. दावा खरा निघाला तर घराणं उपाशी मेलेलं नसेल. खोटा निघाला तर वेदी बाटलेली नसेल. पुराव्याशिवाय निर्णय देण्याची वेळ आलेल्या कुणाही अधिकाऱ्याने याचा अभ्यास करावा, इतकी ही मांडणी पक्की आहे.

पुढे काय झालं

दुसरं मंदिर इराणचा राजा दारयावेश याच्या सहाव्या वर्षी अदार महिन्याच्या तीन तारखेला पुरं झालं, म्हणजे इ.स.पू. ५१५ मध्ये. उरीम आणि थुम्मीम मात्र परत आले नाहीत. पहिल्या मंदिरात होत्या आणि दुसऱ्यात नव्हत्या अशा पाच गोष्टी तालमूदच्या योमा भागात मोजल्या आहेत, त्यांत यांचं नाव आहे. हुकुमात घातलेली अट पुरी होणंच शक्य राहिलं नाही. कागदोपत्री हे प्रकरण कधीच निकालात निघालं नाही.

प्रत्यक्षात तिघांच्या वाटा फुटल्या. हक्कोस घराणं परत वर आलं. एज्रा (परंपरेने मानलेल्या सालाप्रमाणे इ.स.पू. ४५८) बाबेलहून सोनं-चांदी आणि भांडी घेऊन आला. चौथ्या दिवशी मंदिरात ते तोलून ज्याच्या हाती दिलं तो उरीया याजकाचा मुलगा मरेमोथ. त्याच्याबरोबर एलाजार आणि दोन लेवी होते. ६५० किक्कार (वजनाचं एक मोठं माप) चांदी आणि १०० किक्कार सोनं असा तो ऐवज होता, आणि सगळं मोजून, तोलून लिहून घेतलं गेलं. इ.स.पू. ४४५ मध्ये नहेम्याने यरुशलेमचा तट बांधायला घेतला, तेव्हा उरीयाचा मुलगा, हक्कोसाचा नातू मरेमोथ याने एक सोडून दोन तुकडे बांधले. दुसरा तुकडा मुख्य याजक एल्याशीब याच्या घराच्या दारापासून त्या घराच्या टोकापर्यंतचा होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, काळ जवळचा, म्हणून हा एकच माणूस असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इथे एक बारकावा सुटू नये. मरेमोथाला मिळालेलं काम खजिन्याचं आहे, वेदीचं नाही. नहेम्याच्या यादीत त्याच्या नावापुढे याजक असं लिहिलेलं नाही. लगेच पुढच्या वचनातल्या माणसांना मात्र याजक म्हटलं आहे. त्यामुळे घराण्याला आधी विश्वासाच्या कारभारात घेतलं आणि वेदी नंतर दिली, असा क्रम असू शकतो. पहिल्या इतिहासाच्या चोविसाव्या अध्यायात मात्र शंका उरत नाही. याजकांच्या २४ पाळ्यांत सातवी पाळी हक्कोसाची आहे. यादी दाविदाच्या काळाला लावलेली असली तरी ते पुस्तक बंदिवासानंतर लिहिलं गेलं. एक पाळी एक आठवडा, वर्षातून दोनदा. सणांना सगळ्या पाळ्या एकत्र. मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांत दिनदर्शिका याच पाळ्यांच्या नावांनी मोजली आहे आणि तिथेही हक्कोसाचे आठवडे आहेत. इ.स.पू. १६१ च्या सुमारास ग्रीक राजवटीविरुद्धच्या यहूदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी याने रोमशी तह करायला ज्या दोघांना पाठवलं त्यांतला युपोलेमस हा योहानाचा मुलगा, अक्कोसाचा नातू. ग्रीक रूपातलं हे घराणं तेच असावं.

हबया आणि बर्जिल्लय यांची नावं २४ पाळ्यांत नाहीत. एज्रा-नहेम्यानंतर याजक म्हणून त्यांचा मागमूस लागत नाही.

अट उरीमची, आणि उरीम नसताना एक घराणं आत कसं आलं? कुणीतरी, केव्हातरी दुसरा पुरावा मान्य केला असला पाहिजे. आधीच्या चार घराण्यांच्या २४ पाळ्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या गेल्या अशी आठवण तालमूदच्या तानीत भागात आहे. अशी फेरमांडणी झाली असेल तर एखाद्या घराण्याला सामावून घ्यायला ती चांगली वेळ होती. त्यात हक्कोसाकडे माणसं होती, खजिन्याचा विश्वास होता आणि तटाच्या दोन तुकड्यांइतकी ऐपत होती. बाकी दोघांकडे यातलं काही होतं असं दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हुकूम चांगला होता, त्याची मुदत वाईट होती. अमुक होईपर्यंत असं म्हणताना ते अमुक कधीच झालं नाही तर काय, याची सोय नव्हती. पुढेही हीच पद्धत वापरली गेली. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबींनी विटाळलेल्या वेदीचे दगड काढले आणि त्यांचं काय करायचं हे सांगणारा संदेष्टा येईपर्यंत ते मंदिराच्या टेकडीवर बाजूला ठेवले. दगड कितीही वर्षं थांबू शकतात. घराण्याला तसं थांबता येत नाही, कारण पुढच्या पिढीचं लग्न कुणाशी करायचं हे रोज ठरवावं लागतं. याजकाने घटस्फोटितेशी किंवा वेश्येशी लग्न करू नये, असे निर्बंध आहेत. संशयित याजकाने ते पाळायचे की नाही? पाळले तर हक्काशिवाय बंधनं, आणि न पाळले तर दावा खरा असूनही मुलं बाद. हुकुमात ठरावीक वर्षांनी फेरतपासणीचं कलम असतं तर ही कोंडी बरीच सुटली असती.

पुढच्या पिढ्यांनी यातून यंत्रणा उभी केली. मंदिराच्या आवारात घडीव दगडांची कचेरी होती. तिथे बसलेलं न्यायमंडळ याजकांचे वंश तपासायचं. मिश्नेच्या मिद्दोत भागातला तपशील असा: ज्याच्यात दोष सापडला तो काळे कपडे घालून, काळं पांघरून निघून जायचा. ज्याच्यात सापडला नाही तो पांढरे कपडे घालून भावांबरोबर सेवेला लागायचा. निकाल त्याच दिवशी आणि सगळ्यांसमोर. इतिहासकार योसेफस, जो स्वतः याजक होता, सांगतो की मिसर किंवा बाबेलमध्ये राहणारे याजकही लग्नाच्या वेळी वधूच्या पूर्वजांची नावं यरुशलेमला लिहून पाठवत, आणि युद्धात नोंदी गेल्या तर जुन्यांवरून नव्या करत. एकाच ठिकाणी एकच वही ठेवण्याचा धोका ५८६ ने शिकवला होता. नाव बदललं तर जुनं नाव शेजारी लिहायचं, एवढी साधी शिस्त असती तर बर्जिल्लय घराण्याचा प्रश्न कदाचित उभाच राहिला नसता.

पुराव्याचं ओझं कोणी वाहायचं हा प्रश्न तेव्हाच संपला नाही. कोकणातून इस्राएलला गेलेल्या आपल्या मराठी बेने इस्राएलींपुढे तो याजकपणाचा नाही, तर यहूदीपणाचाच म्हणून आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी त्यांच्या लग्नांसाठी आई-आजीपासून जमेल तितकी मागे वंशचौकशी करण्याचे निर्देश काढले. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, ठराव करून ते सर्वार्थाने यहूदी असल्याचं सांगावं लागलं. तिथेही लिखित नोंद मागितली गेली आणि शेकडो वर्षांच्या आचाराला आधी किंमत मिळाली नाही.

मिश्नेने पुढे तपासणीला हद्द घातली. याजकाने सोयरिक करताना मुलीकडच्या आयांची चौकशी करावी, पण वंशात कोणी वेदीवर सेवा केलेली आढळली की तिथून मागे जाऊ नये. वेदीवर उभा राहिला त्याची तपासणी तेव्हाच झालेली आहे, हा आधार. ही कसोटी परतलेल्या लोकांना लगेच लावता आली असती. मंदिर जळून तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. नव्या मंदिराचा पाया घातला त्या दिवशी, पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलेले कितीतरी म्हातारे याजक आणि लेवी मोठ्याने रडले, असं एज्राच्या पुढच्याच अध्यायात आहे. हक्कोसाचा किंवा यद्दूसाचा कोणी नातू वेदीवर होता का, हे सांगू शकणारी माणसं तिथे हजर होती. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की होते हा नियम बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात आधीपासून होता. अडचण एकच: हे म्हातारे याजक ज्या चार घराण्यांतले होते त्यांच्याच वाट्यातून नव्यांना द्यावं लागणार होतं. म्हणून साक्ष घ्यायची तर त्या म्हाताऱ्या लेव्यांची आणि द्वारपालांची घ्यायला हवी होती. वेदीजवळ कोण जात-येत होतं हे त्यांनी रोज पाहिलं होतं आणि परमपवित्र अन्नात त्यांचा स्वतःचा वाटा नव्हता.